मोझांबिकचे तेक्निको : डॉक्टर नसलेल्यांना शस्त्रक्रिया शिकवणे हा न्याय की दुय्यम दर्जा?

धागाकर्ता : उत्तरायण

मोझांबिक २५ जून १९७५ रोजी पोर्तुगालच्या राजवटीतून मुक्त झाला, तेव्हा तेथील बहुतेक डॉक्टर पोर्तुगीज होते आणि त्यांतील बहुसंख्य लवकरच देश सोडून गेले. पुढे १९७७ ते १९९२ एवढा दीर्घ काळ यादवी युद्ध चालले. रस्ते असुरक्षित होते, त्यामुळे अडलेल्या बाळंतिणीला दूरच्या जिल्ह्यातून प्रांताच्या मुख्य रुग्णालयापर्यंत नेणे अनेकदा अशक्यच होते. या परिस्थितीत १९८४ साली सरकारने अनुभवी परिचारक आणि वैद्यकीय सहायक निवडून त्यांना शस्त्रक्रियेचे शिक्षण देण्यास सुरुवात केली. अभ्यासक्रम तीन वर्षांचा होता : दोन वर्षे राजधानी मापुतोच्या मध्यवर्ती रुग्णालयात आणि एक वर्ष प्रांतिक रुग्णालयात. या शल्यतंत्रज्ञांना तेथे तेक्निको म्हणतात. सिझेरियन, फाटलेल्या गर्भाशयाची दुरुस्ती, अडकलेला हर्निया, अपघातातील जखमा अशी तातडीची कामे ते स्वतंत्रपणे करतात.

आता निकाल पाहू. मापुतोच्या मध्यवर्ती रुग्णालयातील २,०७१ सिझेरियन शस्त्रक्रियांची तुलना १९९६ साली प्रसिद्ध झाली. त्यांपैकी ९५८ तेक्निकोंनी आणि १,११३ तज्ज्ञ डॉक्टरांनी केल्या होत्या. वरवरची जखम उकलण्याचे प्रमाण तेक्निकोंकडे थोडे अधिक होते. एरवी लक्षणीय फरक आढळला नाही. २००२ साली देशात झालेल्या सुमारे १२ हजार मोठ्या प्रसूतिशस्त्रक्रियांपैकी निम्म्याहून अधिक, आणि ग्रामीण जिल्हा रुग्णालयांतील तर ९२ टक्के, त्यांनीच केल्या. सात वर्षांनंतर जिल्हा रुग्णालयांत किती जण टिकले याचा शोध घेतला असता तेक्निकोंपैकी ८८ टक्के तेथेच काम करीत होते. मुळात तेथे नेमलेल्या डॉक्टरांपैकी एकही उरला नव्हता.

माझे म्हणणे असे की, व्यावसायिक उच्च शिक्षणातील समतेची मोजदाद आपण प्रवेशाच्या दारात उभे राहून करतो. कोणत्या थरातील किती मुले आत गेली एवढेच पाहतो आणि त्या शिक्षणावर खर्च झालेला सार्वजनिक पैसा नियासासारख्या दूरच्या प्रांतातील बाईपर्यंत पोहोचला की नाही हा प्रश्न सोडून देतो. ज्या देशात दहा हजार लोकांमागे जेमतेम एक डॉक्टर आहे, तेथे हा दुसरा हिशेब आधी मांडला पाहिजे, आणि त्या हिशेबात तेक्निकोंचे शिक्षण कोणत्याही वैद्यकीय महाविद्यालयापेक्षा सरस ठरते. विरोधी मते अवश्य यावीत.

शल्यक

मी स्वतः शल्यचिकित्सक असल्यामुळे माझा विरोध हा व्यवसायाचा मत्सर आहे असे कोणी म्हणेल. तो धोका पत्करून लिहितो. आपण दिलेली १९९६ ची तुलना देशातील सर्वांत सुसज्ज रुग्णालयातली आहे. तेथे शेजारच्या खोलीत तज्ज्ञ होता, रक्त होते, भूल देणारा प्रशिक्षित माणूस होता. तोच निष्कर्ष वीज जाणाऱ्या जिल्हा रुग्णालयाला लावता येत नाही. २०११ साली अनेक आफ्रिकी देशांतील अभ्यास एकत्र करून केलेल्या आढाव्यातही माता आणि नवजात मृत्यूंत लक्षणीय फरक दिसला नाही हे खरे आहे, परंतु जखमेतील जंतुसंसर्ग आणि जखम उकलणे ही दोन्ही बिगर-डॉक्टर शस्त्रक्रियाकारांकडे अधिक होती. शिवाय यांतील एकाही अभ्यासात रुग्णांची वाटणी चिठ्ठ्या टाकून झालेली नव्हती. अवघड रुग्ण कोणाच्या वाट्याला गेले हे नीट ठाऊक नसताना ‘फरक नाही’ या वाक्यावर एवढे मोठे धोरण उभारणे मला घाईचे वाटते.

हाताचे कौशल्य तीन वर्षांत येते, हे मी नाकारत नाही. शस्त्रक्रिया कधी करू नये, पोट उघडल्यावर अपेक्षेपेक्षा वेगळे काही निघाले तर काय करावे, हा विवेक मात्र रोगविज्ञानाच्या दीर्घ अभ्यासातून येतो. त्याची उणीव सिझेरियनच्या आकडेवारीत दिसणार नाही, कारण सिझेरियन ही ठरावीक पायऱ्यांची शस्त्रक्रिया आहे.

राहिले ते ८८ टक्के. हे लोक जिल्ह्यात टिकले, कारण त्यांच्या प्रमाणपत्राला सीमेपलीकडे किंमत नव्हती आणि देशात वर चढायला शिडी नव्हती. डॉक्टरला शहर, विशेष शिक्षण, परदेशी संस्थेची नोकरी असे चार दरवाजे उघडे होते. ज्याला एकही दरवाजा नाही त्याच्या थांबण्याला आपण निष्ठा म्हणणार का?

ग्रामवैद्य

शल्यक यांचा युक्तिवाद आपल्याकडे १९४६ साली जिंकला आहे, आणि त्याचे फळ आपण पाहिले आहे. देशाच्या आरोग्यव्यवस्थेचा आराखडा आखणाऱ्या भोर समितीच्या काळात ब्रिटिश हिंदुस्थानात नोंदणी झालेले सुमारे ४७ हजार डॉक्टर होते, त्यांतील जवळपास ३० हजार हे पदवीधर नसून लायसन्शिएट, म्हणजे जुने एलएमपी होते. समितीतच मतभेद असूनही बहुमताने हा कमी मुदतीचा अभ्यासक्रम बंद करून सगळे बळ एमबीबीएसवर लावण्याची शिफारस केली. खेड्यातील जागा पदवीधरांनी भरली नाही. ती कोणतेही शिक्षण नसलेल्यांनी भरली. महाराष्ट्रात सरकारी महाविद्यालयातून एमबीबीएस झालेल्यास एक वर्षाच्या सेवेचा बाँड आहे आणि तो न पाळल्यास बराच काळ दहा लाखांचा दंड होता. तरीही दंड भरून मोकळे होणारे असतच. दंड भरण्याची ऐपत कोणाच्या घरात असते, हा समतेचाच प्रश्न आहे. मोझांबिकने १९८४ साली आपली चूक टाळली, एवढेच मी म्हणेन.

वाचक_सोलापूर

एक साधा प्रश्न धागाकर्त्यांना विचारावासा वाटतो. आपल्या स्वतःच्या लेकीचे सिझेरियन आपण तीन वर्षे शिकलेल्या माणसाकडून करून घ्याल का? उत्तर ‘नाही’ असेल तर नियासातील बाईसाठी ते चालेल असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

उत्तरायण

वाचक_सोलापूर, प्रश्न रास्त आहे, परंतु तो अर्धवट मांडला आहे. माझ्या लेकीसमोर पुण्यातील तज्ज्ञ आणि तेक्निको असे दोन पर्याय असतील, तर ती तज्ज्ञाकडे जाईल. त्या बाईसमोर तेक्निको आणि कोणीही नाही असे दोन पर्याय आहेत. मलावीचे उदाहरण घ्या. तेथे १९९१ पर्यंत वैद्यकीय महाविद्यालयच नव्हते. विद्यार्थी परदेशी पाठवले जात आणि अनेक जण परतत नसत. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत तेथील २,१३१ तातडीच्या प्रसूतिशस्त्रक्रियांपैकी १,८७५ क्लिनिकल ऑफिसरांनी, म्हणजे तेक्निकोंसारख्याच डॉक्टर नसलेल्या प्रशिक्षित लोकांनी, केलेल्या आढळल्या. हे लोक काढून घेतले तर उरलेल्या शस्त्रक्रिया डॉक्टर करतील असे मानण्याला कोणताही आधार नाही.

शल्यक यांचा जंतुसंसर्गाचा मुद्दा मान्य आहे. मात्र त्याचा निष्कर्ष अभ्यासक्रम सुधारावा आणि देखरेख वाढवावी असा निघतो, अभ्यासक्रम नसावा असा निघत नाही.

हिशेबनीस

दोन्ही बाजूंनी पैशाचा मुद्दा बाजूला ठेवला आहे, म्हणून तो मांडतो. २००७ च्या एका अभ्यासात शिक्षणाचा खर्च आणि तीस वर्षांचा पगार धरून प्रत्येक मोठ्या प्रसूतिशस्त्रक्रियेमागील खर्च काढला होता. तेक्निकोंच्या बाबतीत तो सुमारे ३९ डॉलर आणि तज्ज्ञ डॉक्टरांच्या बाबतीत सुमारे १४४ डॉलर भरला. धागाकर्त्यांच्या बाजूचे लोक हा आकडा मोठ्या उत्साहाने सांगतात. तो नीट उलगडून पाहा. शिक्षण कमी वर्षांचे असल्याची बचत त्यात आहेच. पण तीच शस्त्रक्रिया, तेच रात्रपाळीचे ओझे आणि तीच जबाबदारी असताना आयुष्यभर मिळणारा कमी पगार हीदेखील त्यातलीच बचत आहे. म्हणजे रुग्णाला मिळालेल्या न्यायाचे बिल तेक्निकोच्या घरातून भरले जाते.

आता हा तेक्निको कोण, तेही पाहा. परिचारक आणि वैद्यकीय सहायक यांच्यातून तो निवडला जातो, म्हणजे ज्याला सहा-सात वर्षे कमाईविना शिकणे परवडले नसते असा माणूस. राजधानीतील सुस्थित घरातला मुलगा वैद्यकीय विद्याशाखेत जातो आणि जगभर मान्य होईल अशी पदवी घेतो. प्रांतातला मुलगा त्याच जिल्ह्यापुरते चालणारे प्रमाणपत्र घेतो. दोन्ही शिक्षणांचा खर्च बहुतांशी एकाच तिजोरीतून होतो. याला समता म्हणायचे असेल तर त्या तेक्निकोला दहा वर्षांच्या कामाचे श्रेय धरून वैद्यकीय पदवीच्या मधल्या वर्षात प्रवेश मिळाला पाहिजे. हे २००० नंतरच्या दशकात अंशतः घडले : मापुतोतील उच्च आरोग्यविज्ञान संस्थेत शस्त्रक्रियेचे हे शिक्षण पदवीच्या पातळीवर नेण्यात आले. पदवीधर झाल्याने वेतनश्रेणी सुधारते. तरीही ती पदवी वैद्यकशास्त्राची नव्हे. शिडीला एक पायरी जोडली गेली, वरचा मजला बंदच राहिला.

नदीकाठ

मला धागाकर्त्यांच्या मांडणीत एक गृहीतक खटकते. डॉक्टर खेड्यात थांबतच नाही हे त्यांनी जणू निसर्गनियम म्हणून स्वीकारले आहे. जिल्ह्यातून गेलेले ते डॉक्टर कोठे घडले होते? वैद्यकीय शिक्षण दीर्घकाळ एदुआर्दो मोंडलाने विद्यापीठापुरते, म्हणजे मापुतोपुरते मर्यादित होते, आणि हा देश दक्षिणोत्तर एवढा लांब पसरलेला आहे की मापुतो त्याच्या पार दक्षिण टोकाला येते. राजधानीत वाढलेला, राजधानीत शिकलेला तरुण उत्तरेकडील जिल्ह्यात टिकला नाही, यात आश्चर्य ते काय? २००० साली बेइरा येथे कॅथलिक विद्यापीठाची वैद्यकीय विद्याशाखा सुरू झाली. पुढे उत्तरेत नाम्पुला येथे लुरिओ विद्यापीठ आले, जेथे प्रत्येक विद्यार्थ्याला वस्तीतील एका कुटुंबाशी जोडून देतात आणि त्या कुटुंबाच्या आरोग्याकडे तो शिक्षणकाळात लक्ष देतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० साली दिलेल्या शिफारशींतही ग्रामीण पार्श्वभूमीचे विद्यार्थी घ्यावेत आणि विद्याशाखा राजधानीबाहेर काढाव्यात, हेच दोन उपाय आरंभी आहेत.

दक्षिण आफ्रिकेत क्वाझुलू-नाताल प्रांताच्या उत्तर टोकाला इंग्वावुमा नावाचे गाव आहे. तेथील मोसवोल्ड रुग्णालयाने १९९९ साली स्थानिक मुलांसाठी शिष्यवृत्ती सुरू केली. निवड स्थानिक पातळीवर, सुट्टीत त्याच रुग्णालयात काम, आणि जितकी वर्षे मदत तितकी वर्षे सेवा, असा करार होता. ही मुले पूर्ण पदवीधर झाली, आणि त्यांतील अनेक जण परत आले. गावातल्या मुलाला अर्धे शिक्षण देऊन बांधून ठेवण्याऐवजी पूर्ण शिक्षण देऊन परत बोलावता येते, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही. मला या मार्गाचे विशेष वाटते ते असे की, यात रुग्णाचा न्याय आणि विद्यार्थ्याचा न्याय एकमेकांच्या विरोधात उभे राहत नाहीत.

उत्तरायण

नदीकाठ, आपला मार्ग मला मनापासून आवडतो, फक्त त्याला लागणारा काळ आपण मोजलेला नाही. खेड्यातील मुलाला शाळेत विज्ञान आणि गणित चांगले शिकवणारे कोणी हवे, मग सहा-सात वर्षांची पदवी, मग शस्त्रक्रियेचे विशेष शिक्षण. हे सारे जमेपर्यंत पंधरा वर्षे सहज जातात. आणि दक्षिण आफ्रिका हे आपले उदाहरण दुधारी आहे. त्याच देशात २०२५ च्या आरंभी शिक्षण आणि सक्तीची सेवा पूर्ण केलेले कित्येक डॉक्टर बेरोजगार होते, कारण प्रांतिक सरकारांकडे पदे भरायला पैसा नव्हता. शेवटी आरोग्यमंत्र्यांना १,२०० डॉक्टरांच्या भरतीची वेगळी घोषणा करावी लागली. पदवीधर तयार करणे आणि पदे तयार करणे ही दोन कामे वेगवेगळ्या खात्यांत विभागली गेली की असे होते.

नदीकाठ

हाच न्याय आपल्या पर्यायालाही लावा. त्याच दक्षिण आफ्रिकेने २००८ पासून क्लिनिकल असोसिएटचा तीन वर्षांचा पदवी अभ्यासक्रम सुरू केला, आधी वॉल्टर सिसुलू विद्यापीठात आणि नंतर प्रिटोरिया व विटवॉटर्सरँड येथे. डॉक्टरच्या देखरेखीखाली जिल्हा रुग्णालयात काम करणारा मधल्या फळीचा माणूस घडवणे हाच हेतू होता. शिक्षण विद्यापीठात झाले, पदवी रीतसर मिळाली. तरी पुरेशी पदे निर्माण झाली नाहीत आणि पुढची शिडी आखली गेली नाही. तेथे बेरोजगारी डॉक्टरांच्या आणि असोसिएटांच्या दोघांच्याही वाट्याला आली. तेव्हा तीन वर्षांचे शिक्षण हे आपोआप मनुष्यबळ होत नाही. मोझांबिकमध्ये ते झाले, कारण प्रशिक्षण देणारे आणि नेमणूक करणारे आरोग्य मंत्रालय एकच होते. श्रेय द्यायचेच तर या व्यवस्थेला द्या.

शल्यक

नदीकाठ यांचा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे आणि माझ्या विरोधाला तो थोडे वेगळे वळण देतो. जे तेक्निको आज काम करीत आहेत त्यांना काढून टाका असे मी म्हटलेले नाही आणि म्हणणारही नाही. माझी अट एवढीच की, प्रांतिक रुग्णालयातील शल्यचिकित्सकाने ठरावीक काळाने प्रत्येक जिल्ह्यात जाऊन त्यांच्याबरोबर शस्त्रक्रिया करावी, झालेल्या मृत्यूंचा आणि उकललेल्या जखमांचा आढावा घ्यावा, आणि या दौऱ्यांसाठी वाहन, इंधन व भत्ता यांची तरतूद अर्थसंकल्पात वेगळी असावी. देखरेख कागदावर सगळेच देश लिहितात; पैसा कमी पडला की पहिली कात्री तिलाच लागते. उत्तरायण, ही अट आपण मान्य करीत असाल तर आपला ३९ डॉलरचा आकडा वाढेल, आणि हिशेबनीस यांच्या म्हणण्याप्रमाणे पगार सुधारले तर आणखी वाढेल. तेव्हाही आपण याच योजनेचा पुरस्कार कराल का?

उत्तरायण

होय. तो आकडा दुप्पट झाला तरी १४४ च्या बराच खाली राहतो. मी तर पगारवाढीपासून सुरुवात करीन, कारण आता शिडी नसल्यामुळे टिकलेला माणूस शिडी मिळाल्यावर कोठे जाईल, हे शल्यक यांनी विचारायच्या आधी मीच विचारून ठेवलेले बरे.

हिशेबनीस

तर मग ते ८८ टक्के खाली येतील, हेही आताच लिहून ठेवा. किती खाली आलेले चालतील, हा आकडा ठरवल्याशिवाय पुढे बोलण्यात अर्थ नाही. माझ्यापुरते सांगायचे तर ७० टक्क्यांपर्यंत मी ही योजना यशस्वी मानेन. उरलेल्या तिसांपैकी काही जण वैद्यकीय पदवीकडे गेले असतील तर तो तोटा मी नुकसानीच्या खात्यात धरणार नाही.