साखर २१० वर आली, तरी इन्सुलिन चालू आणि वर ग्लुकोजचं सलाईन?

प्रश्न
लेकीला टाइप १ डायबेटिस आहे, वय १६. ताप-उलट्यांचं निमित्त झालं आणि कीटोअॅसिडोसिस, म्हणजे रक्त आम्लधर्मी झालं. रात्रीपासून आयसीयूत आहे. आणलं तेव्हा साखर ४८०, श्वास खोल आणि भराभर, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास. आत्ता २१० झाली म्हणून हायसं वाटलं, तर सिस्टरनी ग्लुकोजचं सलाईन जोडलं. इन्सुलिन चालूच! साखर उतरवायची आणि साखरच द्यायची? कुणी समजावून सांगेल का?

उत्तर (आयसीयू नर्स)
ताई, तुम्ही लिहिलंय त्यात वावगं काही नाही, नेहमी असंच करतो. साखर लवकर उतरते, कीटोन (इन्सुलिन कमी पडलं की शरीर चरबी जाळतं, त्यातून तयार होणारे आम्ल पदार्थ) मागे रेंगाळतात. रक्त आम्लधर्मी होतं ते कीटोनमुळे, आणि तो जोराचा श्वासही त्या आम्लापायीच. कीटोन थांबवायला इन्सुलिन लागतंच. पण नुसतं इन्सुलिन सोडत राहिलो तर साखर फार खाली जाईल. म्हणून ती २५०च्या आसपास आली की डेक्स्ट्रोज, म्हणजे ग्लुकोजच, जोडतात.

ड्युटीवर आले की मी साखरेच्या आधी पीएच (आकडा जितका कमी, तितकं रक्त आम्लधर्मी), बायकार्बोनेट (रक्तातलं आम्ल निवळवणारा घटक) आणि पोटॅशियम बघते. इन्सुलिनबरोबर पोटॅशियम पेशींत शिरतं, रक्तातलं घसरतं, आणि फार घसरलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. सारखं रक्त काढतात म्हणून जीव तुटतो, कळतं मला, पण ते यासाठी.

एक मात्र कराच. डोकं ठणकतंय म्हणाली, गुंगीत गेली, असंबद्ध बोलली, तर लगेच हाक मारा. या वयात मेंदूला सूज येण्याचा धोका असतो.

प्रश्नकर्ती
धन्यवाद हो. पीएच ७.२४ आहे म्हणाले. भूक लागली म्हणते. मग ड्रिप कधी काढतील?

उत्तर (आयसीयू नर्स)
भूक लागली हे छान! पीएच ७.३च्या वर गेला, कीटोन उतरले, खाल्लेलं पोटात टिकलं की काढतील. त्याआधी त्वचेखाली इन्सुलिन टोचतील आणि मगच ड्रिप बंद, कारण ड्रिपमधल्या इन्सुलिनचा असर काही मिनिटांतच ओसरतो.

उत्तर (टाइप १, लहानपणापासून)
काकू, घरी गेल्यावर रक्तातले कीटोन मोजायचं मीटर जवळ ठेवा. आजारपणात ती काही खात नसली तरी बेसल इन्सुलिन (जेवणाशी संबंध नसलेलं, दिवसभर हळूहळू काम करणारं) बंद करायचं नाही. डोस किती ते डॉक्टरांना विचारा. कीटोन मीटरवर १.५च्या (mmol/L) वर गेले तर त्यांना फोन, ३ किंवा जास्त असतील तर थेट हॉस्पिटल. उलट्या थांबत नसतील तर आकडा कितीही असो, निघा.