जुन्या २४ फुटी शीडबोटीचा मेनशीट ट्रॅव्हलर बदलायचाय, सल्ला हवा

अर्धा_खलाशी
मंडळी, गेल्या वर्षी एक जुनी २४ फुटी फायबरग्लासची शीडबोट घेतली. वयाने माझ्याएवढीच, म्हणजे चाळिशी उलटलेली. बाकी एकेक काम मार्गी लागलं, पण मेनशीटचा (म्हणजे मुख्य शिडाखालचा आडवा दांडा, बूम, आवरणाऱ्या दोरीचा) ट्रॅव्हलर, म्हणजे ती दोरी बोटीवर आडवी सरकवायचा संच, अजून मूळचाच आहे. कॉकपिट आणि केबिनचं दार यांच्यामध्ये जो रुंद उंबरठा असतो, त्यावर आडवा टी-ट्रॅक. लांबी ९० सेंमी. त्यावर घसरणारी धातूची गाडी आणि ती अडवायला दोन्ही बाजूंना स्प्रिंगच्या खुंट्या. खुंटी उपसा, गाडी सरकवा, खुंटी सोडा.

धक्क्याला बांधलेल्या बोटीवर हे झकास चालतं. वारा १५ नॉटच्या वर गेला की गाडी जागची हलत नाही, मग मी तिला लाथ घालतो. मागच्या महिन्यात ती लाथ सुकाणूवर बसलेल्या बायकोच्या गुडघ्याला लागली. तेव्हापासून हा विषय घरात तातडीचा झाला आहे.

बूम ३ मीटर, शीट बूमच्या जवळजवळ मध्यावर, मेनशीटला ४:१ कप्प्या, मेनसेल (मुख्य शीड) सुमारे १२ चौरस मीटर. जुन्या ट्रॅकवर बॉल बेअरिंगची नवी गाडी बसेल का? नसेल तर कुठल्या मापाचा संच घेऊ?

खारावारा
नाही बसणार. बॉल बेअरिंगच्या गाडीला ट्रॅकच्या दोन्ही कडांना बॉल धावायची खोबण लागते, टी-ट्रॅकला ती नसते. ट्रॅक आणि गाडी जोडीनेच घ्यायची, तीही एकाच कंपनीची. याची गाडी त्याच्या ट्रॅकवर बसवायच्या भानगडीत पडू नका.

वल्हं_बरं
मला एक कळत नाही, २४ फुटी बोटीला ट्रॅव्हलर हवाच कशाला? व्हँग (बूम खाली खेचून धरणारी दोरी) आवळा आणि वाऱ्याचा झोत आला की शीट सोडा. मी वर्षानुवर्षं हेच करतोय. दोन्ही बाजूंच्या कडांवरून दोरीचा त्रिकोण बांधला की काम झालं.

खारावारा
छोट्या हलक्या बोटींवर चालतं हो ते. पण इथे चाळीस वर्षांचा बूम आणि चाळीस वर्षांचा गूजनेक (बूम डोलकाठीला जोडणारा सांधा) आहे. शिडाची मागची कड ताणून धरायचं सगळं काम व्हँगवर टाकलं की व्हँग बूमला पुढे डोलकाठीत दाबतो आणि मधून वाकवतो. जुन्या गूजनेकचे रिव्हेट बघितलेत का कधी?

नटबोल्ट_काकू
अर्धा_खलाशी, कॅटलॉग बाजूला ठेवा, आधी थोडा हिशोब.

ट्रॅव्हलरचं काम एकच, शिडाचा कोन आणि शिडाचा पीळ हे दोन वेगळे करणं. शीट ओढली की बूम आत येतो आणि खालीही ओढला जातो, म्हणजे मागची कड ताणते. हलक्या वाऱ्यात तुम्हाला बूम मध्यावर हवा असतो पण कड सैल हवी असते, वरचा भाग थोडा उघडा. तेव्हा गाडी वाऱ्याकडे चढवायची आणि शीट ढिली ठेवायची. जोराच्या वाऱ्यात उलट. शीट घट्ट, आणि झोत आला की फक्त गाडी वाऱ्याखाली सोडायची. शिडाचा आकार तोच राहतो, कोन तेवढा बदलतो, बोट कलायची थांबते, सुकाणू हलकं होतं. ही दुसरी गोष्ट तुमच्याकडे आज होतच नाही, कारण नेमकी गरज असते तेव्हाच गाडी अडकते. त्यामुळे बदलायचा निर्णय बरोबर आहे. वल्हं_बरं म्हणतात ते वारा मागून असताना ठीक, तिथे ट्रॅव्हलरची लांबी संपते आणि व्हँगलाच काम करावं लागतं.

आता तुमची शीट बूमच्या मध्यावर आहे, याचे दोन परिणाम. गूजनेकपासून दीड मीटरवर ट्रॅक आहे. गाडीची लांबी आणि टोकाचे अडथळे वजा केले तर मध्यापासून प्रत्येक बाजूला ३८ सेंमी सरक मिळेल, म्हणजे बूमला साधारण १५ अंश. हाच ट्रॅक बूमच्या टोकाखाली असता तर जेमतेम ७ अंश मिळाले असते. हा फायदा. तोटा असा की तेच शीड आवरायला मध्यावर टोकाच्या दुप्पट ओढ लागते. माझ्या अंदाजाने २० नॉटला तुमच्या गाडीवर साडेतीनशे ते चारशे किलोच्या घरात भार येईल. शिवाय वारा दुप्पट झाला की जोर चौपट होतो, हे लक्षात असू द्या. नुसती बोटीची लांबी पाहून माप निवडलं की फसायला होतं ते इथेच.

म्हणून हार्केन कंपनीच्या मापात बोलायचं तर २२ मिमीचा छोटा संच आणि २७ मिमीचा मध्यम, या दोन्हींचा सुरक्षित भार या आकड्याशी ताडून बघा. लुमार, रॉनस्टन, सेल्डेन, कोणाचाही घ्या, ताडायची रीत तीच. बॉल टॉरलॉन प्लॅस्टिकचे असतील तर जास्त भार सोसतात, डेलरिन प्लॅस्टिकचे कमी.

गाडी सरकवायच्या नियंत्रणाच्या दोरीला गाडीवरच्या भाराचा ढोबळमानाने पाचवा भाग येतो, म्हणजे ७०–८० किलो. ३:१ कप्प्यांना हाताशी २५ किलो, ४:१ ला २० किलो, वर घर्षण. मी ४:१ करीन. पण मग एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जाताना एका बाजूची तीन मीटर दोरी पायात येते. त्यासाठी पिशवी शिवा.

आणि एक. मध्यावरची शीट सरळ खाली येत नाही, बूम बाहेर गेला की पुढे-मागे तिरकी ओढते. गाडीवर कप्पी ताठ पक्की नको, झुकणारी घ्या. नाहीतर गाडी एका बाजूला दबून चालेल आणि तुम्ही म्हणाल बॉल बेअरिंगही तसलंच.

अर्धा_खलाशी
काकू, कॅटलॉगमध्ये हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. १५ अंशांचं ऐकून बरं वाटलं, मी ट्रॅक मागे न्यायच्या विचारात होतो. तो बेत रद्द.

क्लीट (दोरी पकडून ठेवणारा चाप) कुठे ठेवू? गाडीवरच की ट्रॅकच्या टोकांना?

एकटा_जीव
मी बहुतेक वेळा एकटा जातो, म्हणून सांगतो. टोकांना. बसल्या जागेवरून हात पोचेल अशी, आणि दोरी वरच्या दिशेला झटकली की सुटेल अशा कोनात. गाडीवरचं क्लीट दिसायला सुटसुटीत, पण गाडी वाऱ्याखाली गेली की क्लीटही तिकडेच जातं आणि आपण बसलेले असतो वरच्या बाजूला.

अशीही गाडी मिळते की वाऱ्याकडे ओढताना खालच्या बाजूची दोरी आधी सोडावी लागत नाही, आणि टॅक (बोटीचं नाक वाऱ्यातून फिरवून बाजू बदलणं) झाल्यावर गाडी आहे त्याच जागी राहते. एकट्या माणसाला ती फार सोयीची. तुमच्याकडे सुकाणूला माणूस आहे, तेव्हा चैनच म्हणायची.

जाइब (वारा मागून असताना बाजू बदलणं) करण्याआधी मात्र गाडी मध्यावर आणून दोन्ही बाजूंनी क्लीट करायची. बॉल बेअरिंगची गाडी जुन्यासारखी रखडत नाही, ट्रॅकच्या या टोकाहून त्या टोकाला बंदुकीच्या गोळीसारखी जाते. ट्रॅकवर बोटं ठेवून बसायची सवय असेल तर आजच मोडा.

सुरवातच_आहे
गाडी ट्रॅकवर चढवताना नवीन गाडीतली ती प्लॅस्टिकची पट्टी फेकू नका!! मला वाटलं पॅकिंग आहे. गाडी ओढून काढली, बॉल पावसासारखे पडले. कॉकपिटचं पाणी जायचं भोक उघडं होतं. पुढचं सांगत नाही.

नटबोल्ट_काकू
😀 भोकात आधी बोळा कोंबायचा, मग पाना हातात घ्यायचा. पट्टी ट्रॅकच्या तोंडाशी टेकवून गाडी तिच्यावरून ट्रॅकवर सरकवायची. आणि पुढे कधीही त्या बॉलना ग्रीस किंवा तेल लावायचं नाही. वाळू आणि मीठ चिकटून आतमध्ये खलबत्ता होतो. गोड्या पाण्याने धुणं, बास.

खारावारा
आता भोकांचं. जुना ट्रॅक इंची मापाचा असेल तर भोकं ४ इंचांवर, म्हणजे १०१.६ मिमी. नवा मेट्रिक असला तर अंतर १०० मिमी. एका भोकाला १.६ मिमी म्हणजे काहीच नाही असं वाटतं. नऊ भोकं धरा आणि मधल्यापासून सुरुवात करा, तरी कडेच्या भोकाला ६.४ मिमी चुकलेलं असेल. ६ मिमीचा बोल्ट तिथे जाणार नाही, आणि जुन्या भोकाला लागूनच नवं पाडलं तर दोन्ही मिळून एक फट होईल. जुनी भोकं बुजवायचीच असं धरून चला.

दुसरं, उंबरठ्यावर सरळ पट्टी आडवी ठेवून बघा. मध्ये उंचवटा असेल तर बोल्ट आवळताना सरळ ट्रॅक कमानीसारखा वाकेल आणि गाडी तिथे जड चालेल. कडांखाली जाड इपॉक्सीची गादी करून ट्रॅकला सपाट बैठक द्या, किंवा ट्रॅकच तेवढा वाकवून मागवा. गाडीला चढ चढायला लावू नका.

वल्हं_बरं
दोरीच्या त्रिकोणाला एकही भोक लागत नाही, एवढंच नोंदवतो.

अर्धा_खलाशी
मोजलं. १०१.६ च आहे. 😐
उंचवटा मध्ये ५ मिमी. खालून नटांपर्यंत हात पोचतो, केबिनच्या पायरीमागची फळी काढावी लागली. वॉशर रुपयाएवढे, खाली आधाराची पट्टी नाहीच.

नटबोल्ट_काकू
मग इथे घाई नको. गाडी कुठलीही घ्या, ती धरून ठेवणार आहे तो उंबरठा. फायबरग्लासच्या दोन थरांमध्ये प्लायवूड किंवा बाल्सा असतो. एक बोल्ट काढा आणि बघा काय निघतंय. कोरडा भुसा निघाला तर भोक मोठं करा, आतलं लाकूड चहूबाजूंनी सेंटीमीटरभर खरवडा (वाकवलेला खिळा ड्रिलला लावून छान होतं), घट्ट केलेलं इपॉक्सी भरा, वाळलं की त्यातून नवं भोक. मग बोल्ट लाकडाला शिवतच नाही. भोकाच्या वरच्या तोंडाला थोडी खोलगट कड द्या आणि ब्युटिल टेपचा वेढा घालून हळूहळू, दोन-तीन दिवसांत आवळा. ५२०० सारखं कायमचं चिकटणारं काही लावू नका, पुढच्या वेळी ट्रॅकबरोबर डेकही उचलला जाईल. खाली जी-१० ची (फायबरग्लास-इपॉक्सीच्या टणक पत्र्याची) किंवा स्टीलची सलग पट्टी. बोल्ट ३१६ स्टेनलेसचे, आणि ॲल्युमिनियमच्या ट्रॅकला जिथे टेकतात तिथे ड्युरालॅक किंवा टेफ-जेल (गंज रोखणारे लेप), नाहीतर काही वर्षांनी पांढरी भुकटी आणि न निघणारे बोल्ट.

अर्धा_खलाशी
आज चार बोल्ट काढले. उजवीकडचे दोन, कोरडे. मधला कोरडा. डावीकडचा शेवटचा काढला तर तपकिरी पाणी आलं. थेंब नाही, धार. चहाच्या रंगाची. बोल्टची मान खाऊन अर्धी झाली होती, हातानेच तुटला. म्हणजे मी इतके दिवस लाथा घालत होतो त्या ट्रॅकचं ते टोक नुसतं वजनाने बसलेलं होतं.

संचाची ऑर्डर थांबवली आहे. भाराचा आकडा धरून २७ मिमीचा ठरवला होता.

एकटा_जीव
बरं झालं बंदरात कळलं. बोल्टच्या टोकाने किंवा प्लॅस्टिकच्या हातोडीने उंबरठाभर ठोकत जा. टणटण आवाज येईल तिथे ठीक, बद्द येईल तिथे पेन्सिलने रेघ मारा. रेघेच्या आतलं सगळं उघडावं लागेल, शक्यतो खालून, म्हणजे वरचा पृष्ठभाग वाचेल.

नटबोल्ट_काकू
ते पाणी चाखून बघितलंत का? हसू नका. खारट असेल तर कॉकपिटमधलं, त्याच बोल्टातून शिरलेलं. गोड असेल तर पावसाचं, मग ते वरून, दुसऱ्याच कुठल्या भोकातून झिरपत तिथे जमत असेल. ते भोक सापडेपर्यंत उंबरठा वाळवून उपयोग नाही.

अर्धा_खलाशी
चाखलं. गोड. डाव्या बाजूच्या कठड्याचे स्क्रू बघतो आता, तो आवाज न करता हलतो असं बायको मागे म्हणाली होती. ठोकून मारलेल्या रेघांचा फोटो उद्या टाकतो.