२९० अंशांचा मोह

रस्त्यावरच्या गाडीला कुणी २९० अंश ड्युरेशनचा कॅम (इंजिनचे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) सुचवलाय; ड्युरेशन म्हणजे व्हॉल्व्ह क्रँकच्या किती अंशांपर्यंत उघडा राहतो ते. पण हे २९० मोजलेत कुठे ते आधी बघा. जाहिरातीतला आकडा आणि ०.०५० इंच लिफ्टवरचा (कॅमच्या लोबने, म्हणजे उंचवट्याने, टॅपेट तेवढा उचलल्यावर मोजलेला) आकडा यांत सहज ४०-५० अंशांचा फरक असतो. दोन कॅमची तुलना करायची तर ०.०५० वरच्या आकड्यांचीच.

ड्युरेशन वाढलं की इनटेक व्हॉल्व्ह उशिरा मिटतो आणि वर येणारा पिस्टन हवा-पेट्रोलचं थोडं मिश्रण परत मॅनिफोल्डमध्ये (ते आत आणणाऱ्या नळ्यांत) ढकलतो. वरच्या आरपीएमला आत येणाऱ्या हवेच्या वेगामुळे ते खपून जातं, खाली मात्र टॉर्क जातो. म्हणून कॉम्प्रेशन न वाढवता नुसता कॅम मोठा केला की सिग्नलवरून निघतानाच गाडी मरगळते. त्यात लोब सेपरेशन (इनटेक आणि एक्झॉस्ट लोबच्या मध्यांमधला कोन) १०८ अंश घेतलंत तर ओव्हरलॅप, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह एकदम उघडे असण्याचा काळ, वाढून आयडलचा (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असतानाचा) व्हॅक्यूम घसरतो, आणि ब्रेक हलका करणारा ब्रेक बूस्टर त्याच व्हॅक्यूमवर चालतो. आयडलच्या त्या गुरगुरण्यावर भाळणाऱ्यांना हे ब्रेकचं पेडल दगडासारखं लागल्यावर कळतं! लोब सेपरेशन ११२-११४ बरं.

दोन कॅममध्ये अडलात तर लहान घ्या. व्हॉल्व्ह स्प्रिंग कॅमच्या जोडीच्याच बसवा, आणि पिस्टन व व्हॉल्व्हमधलं अंतर पिस्टनवर क्ले (मऊ माती) लावून तपासल्याशिवाय स्टार्टर मारू नका.