मदत हवी आहे: पायथनचं काम रस्टमध्ये लिहिलं, वेग जेमतेम अडीचपट. एवढाच धरायचा का?

नमस्कार मंडळी,

मराठी शुद्धलेखन तपासणीसाठी शब्दयादी करतोय. विकिपीडियावरचा आणि इतर मुक्त मजकूर मिळून सव्वा जीबीची फाइल झाली आहे. कोणता शब्द किती वेळा आला, एवढंच मोजायचं. पायथनमध्ये दहा ओळींत झालं: ओळ वाचायची, स्प्लिट करून शब्द सुटे करायचे, काउंटरमध्ये (शब्द मोजणाऱ्या डिक्शनरीत) टाकायचे. वेळ २२ सेकंद.

रस्ट ही प्रोग्रामिंग भाषा शिकायची होतीच, म्हणून तेच तिच्यात लिहिलं. पहिल्यांदा चालवलं तर ७० सेकंद! दोन संध्याकाळी त्यातच गेल्या. मग कळलं की नुसतं कार्गो रन (रस्टचा प्रोग्राम बांधून चालवायची आज्ञा) केलं तर डीबग बिल्ड, म्हणजे चुका शोधण्यासाठीची बांधणी होते आणि त्यात ऑप्टिमायझेशन, म्हणजे वेग वाढवणारे बदल बंद असतात. कोणी नव्याने शिकत असाल तर आधी रिलीज बिल्ड करा, मगच वेळ मोजा. रिलीजमध्ये ९ सेकंद आले.

पण मी वाचलं होतं पन्नासपट, शंभरपट. ते आकडे बहुधा निव्वळ आकडेमोडीच्या लूपचे असावेत. माझ्या कामात पायथनचा स्प्लिट आणि डिक्शनरी दोन्ही आतून सी या वेगवान भाषेतच लिहिलेले आहेत. म्हणजे रस्टची गाठ इथे सीशीच पडते, असं आता वाटतंय. बरोबर आहे का हे?

संशय दोन ठिकाणी आहे. रस्टचा हॅशमॅप (पायथनच्या डिक्शनरीसारखा) शब्दाची जागा ठरवणारा आकडा, म्हणजे हॅश, काढायला मुळात सिपहॅश ही पद्धत वापरतो. मुद्दाम टकरी घडवणाऱ्या (अनेक शब्दांना एकच जागा मिळेल अशा) इनपुटपासून तो वाचवतो, पण वेग कमी पडतो. फाइल माझीच आहे, तर साधा हॅश चालेल ना? देवनागरीत प्रत्येक काना-मात्रेलाही ३ बाइट लागतात, एकटा 'महाराष्ट्र' शब्द ३० बाइटचा. त्यामुळे हॅश करायलाही जास्त काम पडतं.

दुसरा, आणि जास्त दाट, संशय: मी हॅशमॅपच्या एन्ट्रीला (शब्दाची नोंद शोधणाऱ्या किंवा नवी करणाऱ्या फंक्शनला) शब्द देताना दर वेळी नवी स्ट्रिंग, म्हणजे शब्दाची वेगळी प्रत बनवतो, शब्द यादीत आधीच असला तरी. प्रत न करता ओळीतला तुकडाच हॅशमॅपची 'की' (key) म्हणून ठेवायला गेलो तर बॉरो चेकर (उसना घेतलेला डेटा अजून शिल्लक आहे ना, हे बघणारी रस्टची तपासणी) अडवतो, कारण पुढच्या फेरीत ती ओळच उरत नाही. आधी गेट-म्यूटने (get_mut, असलेली नोंद बदलण्यासाठी देणारं फंक्शन) शोधून, नसेल तरच इन्सर्ट करायचं, हाच मार्ग का?

यानंतर जवळचे शब्द शोधायचे आहेत. त्यात दोन शब्दांमधलं एडिट अंतर (एकाचा दुसरा करायला किमान किती अक्षरबदल लागतात तो आकडा) मी शुद्ध पायथनच्या लूपमध्ये काढतो आणि ते रात्रभर चालतं. तिथे रस्टकडून किती अपेक्षा ठेवू? सगळं पुन्हा लिहायला बसण्याआधी हा अंदाज तुम्ही कसा बांधता?