मदत हवी आहे : डॅटसन २४०झेडच्या मागच्या सस्पेंशनची स्पिंडल पिन जाम

नमस्कार मंडळी,

गाडी १९७२ची डॅटसन २४०झेड. इंजिन कुरकुर न करता चालतं, तक्रार मागच्या बाजूची आहे. ॲक्सिलरेटर सोडला किंवा पुन्हा दाबला की मागून 'ठक्' असा आवाज येतो आणि वळणावर गाडीचा मागचा भाग थोडा आपल्याच मर्जीनं सरकतो. आधी डिफरन्शियलच्या माउंटवर आणि हाफशाफ्टच्या (डिफरन्शियलकडून चाकाला फिरवणारा दांडा) क्रॉसवर संशय होता, पण तिथे सगळं घट्ट आहे. मग चाक काढलं आणि खालचा आर्म जिथे स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर एकत्र असलेला खांब) बुडाला जोडला जातो तिथे पहार घालून हलवून पाहिलं, तर रबराचे बुश (सांध्यातली गादीसारखी नळी) पार गेलेले. पन्नास वर्षांत रबराने आणखी काय करायचं म्हणा!

ज्यांनी ही गाडी उघडलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. मागे दोन्ही बाजूंना एकेक स्ट्रट आहे आणि खाली इंग्रजी ए अक्षरासारखा आर्म. आर्मची बाहेरची दोन टोकं आणि त्यांच्या मधला स्ट्रटचा ओतीव भाग यांतून एकच लांब पिन आरपार जाते, हीच स्पिंडल पिन. दोन्ही टोकांना नट, आणि मधोमध एक छोटा लॉक बोल्ट पिनेच्या खाचेत पाचरीसारखा बसतो. म्हणजे बुश बदलायचे तर पिन निघालीच पाहिजे.

डावी निघाली. उजवी हलायला तयार नाही. गंज सोडवणारं तेल मारून मुरवत ठेवलं, हीट गनने तापवलं, टोकाला पुलर लावून ओढून पाहिलं. हातोडा घातलेला नाही, कारण टोक पसरलं की आटे मेले आणि ते टोक भोकातूनही जाणार नाही.

प्रश्न दोनच. अजून धीर धरावा की सरळ कापावी? आणि नवे बुश रबराचे घ्यावेत की पॉलीयुरेथेनचे?

प्रतिसाद
लॉक बोल्ट खरंच पूर्ण बाहेर आला आहे का? बरेचदा त्याचा नट निघतो, पण पाचर आतच चिकटून राहते. मग पुलर काय, हत्ती लावला तरी पिन यायची नाही.

धागाकर्ता
पूर्ण बाहेर आहे. भोकात टॉर्च मारला तर पिनेची खाच दिसते. गंजही दिसतो, भरपूर.

प्रतिसाद
मग गाडीखाली झोपून झुंजू नका. स्ट्रट आणि आर्मचा अख्खा जोड बाहेर काढा. ब्रेकचा होज आणि हँडब्रेकची केबल सोडा, हाफशाफ्टच्या चाकाकडच्या फ्लँजचे चार बोल्ट काढा, आर्मची आतली बाजू ब्रॅकेटमधून मोकळी करा आणि शेवटी स्ट्रटचे वरचे तीन नट. मधला मोठा नट चुकूनही सोडू नका, त्याखाली स्प्रिंग दाबलेली आहे. जड होतं, त्यामुळे काढताना दुसरा माणूस हवाच.

टेबलावर आलं की गॅसच्या टॉर्चने ओतीव भाग नीट तापवता येतो. गाडीला लागलेलं असताना ज्वाला नको. पेट्रोलची टाकी मागेच आहे आणि जुन्या रबरालाही पेट घ्यायला वेळ लागत नाही.

त्यानेही सुटली नाही तर कापाच. आर्म आणि ओतीव भाग यांच्या मधल्या फटीत करवतीचं पातं घालून दोन्हीकडून कापा, आर्म सुटेल. मधला तुकडा हायड्रॉलिक प्रेसने बाहेर येतो. पण नवी पिन हातात आल्याशिवाय करवत उचलू नका.

दुसरा प्रतिसाद
वरच्याशी सहमत. बुशबद्दल माझं मत वेगळ्या वळणाचं आहे. सगळे पॉली सुचवतील, रोजच्या रस्त्यावर मी रबरच घालीन. पॉलीने मागचा भाग काटेकोर वागतो हे खरं, पण खडबडीतपणा थेट केबिनमध्ये येतो आणि ग्रीस कमी पडलं की कुरकुर सुरू.

शिवाय पॉलीसाठी बहुतेक किटमध्ये जुन्या बुशचं बाहेरचं लोखंडी कवचही काढावं लागतं. हॅकसॉचं पातं आतून घालून कवचाला एक उभी चीर द्या, मग ते आत दुमडून निघतं. आर्मला पातं लागू देऊ नका. रबर जाळून काढायचा सल्लाही मिळेल, पण तो धूर फार घाणेरडा असतो.

धागाकर्ता
रबरच घालतो मग. पण नट कधी आवळायचे? गाडी वर असतानाच आवळले तर चालेल?

दुसरा प्रतिसाद
नाही. रबराचा बुश फिरत नाही, पिळतो. आर्म खाली लोंबत असताना आवळला तर गाडी जमिनीवर आल्याबरोबर तो कायमचा पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. हाताने बसवा, गाडी चाकांवर उतरवा, मागून दोन-चारदा दाबून सस्पेंशन बसू द्या आणि मग आवळा. आतल्या बुशलाही हाच नियम.

पिन घालण्याआधी भोक साफ करून कॉपर ग्रीस लावा. खाच लॉक बोल्टच्या भोकासमोर येते का ते पिन अर्ध्यात असतानाच बघा, नंतर ती फिरवताना जीव जातो. आणि होज सोडलाय, तेव्हा ब्रेकमधली हवा काढल्याशिवाय गाडी हलवायची नाही.

धागाकर्ता
नवी पिन मागवली आहे. ती येईपर्यंत जोड खाली काढून तापवून बघतो. डाव्या बाजूचा लॉक बोल्टही गंजाने खाल्लाय, तोही त्याच यादीत टाकला.