पारा, पारद की ‘पारदयुक्त’?

मूळ प्रश्न

मंडळी, आयात-निर्यातीच्या एका माहितीपत्रकाचं मराठीकरण करतेय. मूळ मजकुरात ‘मर्क्युरी’, ‘मर्क्युरी कंपाउंड’ आणि ‘मर्क्युरी-ॲडेड प्रॉडक्ट’ असे तीन प्रयोग आहेत. आधीच्या मसुद्यात कुणीतरी तिन्हीकडे ‘पारदयुक्त पदार्थ’ ठोकून दिलंय. एका तक्त्यात तर यंत्रानं चक्क ‘बुध’ केलंय, म्हणजे अख्ख्या ग्रहाची आयात! पारा म्हणावं की पारद? आणि तीन वेगळे शब्द खरंच लागतात का?

प्रतिसाद १

पारा. पारद चुकीचा नाही, पण तो आयुर्वेदातल्या रसशास्त्राच्या पोथीत शोभतो. तिथे त्याची फोडच ‘पार नेणारा’ अशी करतात, आणि सीमाशुल्काच्या कागदाला मोक्षाशी काही देणंघेणं नाही. लॅटिनवाल्यांनी याला ‘हायड्रार्जिरम’ म्हटलं, म्हणजे पाणचांदी. एचजी ही खूण त्यातूनच आली.

एकच विनंती, सामान्यरूप सांभाळा. ‘पाराची आयात’ नव्हे, ‘पाऱ्याची आयात’. हल्ली हे सर्रास चुकतं. आणि कस्टम्सला सरळ ‘जकात’ म्हणा की, इतका छान शब्द पडून आहे.

प्रतिसाद २

माझं रोजचं काम मालाची वर्गवारी लावण्याचंच आहे, म्हणून थोडं लांबण लावतो.

तीन शब्द लागतातच. सीमाशुल्कासाठी जगभर वापरात असलेल्या, मालाच्या सहा आकडी सांकेतिक यादीत (एचएस, १९८८ पासून लागू) नुसता पारा २८०५.४० मध्ये येतो. पाऱ्याची संयुगं २८५२ मध्ये. त्या शीर्षाच्या वर्णनातच लिहिलंय की पारदमेल (पारा आणि दुसऱ्या धातूचे मिश्रधातू) यात धरायचे नाहीत. मग ते कुठे? सोन्याचांदीसारख्या मौल्यवान धातूंचे २८४३ मध्ये, बाकीचे २८५३ मध्ये. आता ‘पारदयुक्त पदार्थ’ यातल्या कुठल्या घरात बसवणार? ‘युक्त’ शब्द ऐकायला भारदस्त, पण त्यातून एवढंच कळतं की आत कुठेतरी पारा आहे. तसा तो तापमापकातही असतो, आणि तापमापक थेट ९०२५ मध्ये जातो, रसायनांच्या प्रकरणाच्या बाहेर.

म्हणून संयुग, मिश्रण आणि पारदमेल या तिघांची सरमिसळ करू नका. बोलताना चालून जातं, बिलावर नाही.

जकातीबद्दल: शब्द गोड आहे खरा, पण वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे नाका उभा राहतो, बंदर नाही. सीमाशुल्कच ठेवा.

प्रतिसाद १

जकात मागे घेतो. पण एक कळलं नाही. पारा धातू आहे ना? मग लोखंड-तांब्याच्या पंगतीत का नाही?

प्रतिसाद २

लोखंड यादीच्या ७२व्या प्रकरणात, तांबं ७४ मध्ये, कथील ८० मध्ये. पारा मात्र २८ मध्ये, अकार्बनी रसायनांत, सोडियम-कॅल्शियमच्या शेजारी. शाळेत शिकलेला ‘धातू’ आणि यादीतला ‘मूळ धातू’ (बेस मेटल) हे एकच नव्हेत. धातू म्हणून कुणी त्याला शोधायला गेला की हमखास चुकीच्या प्रकरणात शिरतो.

प्रतिसाद ३

तांबड्या भुकट्यांचा घोळ राहिला की! हिंगूळ आणि शेंदूर. बोलण्यात दोन्ही एकाच माळेचे मणी, पण हिंगूळ म्हणजे पाऱ्याचा सल्फाइड आणि शेंदूर म्हणजे शिशाचा ऑक्साइड. शेंदराचं घर २८२४, त्याचा पाऱ्याशी संबंध नाही. त्यात आणखी ‘रससिंदूर’ आहे. नावात सिंदूर, पण पदार्थ पाऱ्याचा. रसकापुराचंही तसंच, नाव कापराचं आणि वस्तू पाऱ्याचा क्लोराइड. त्यातही कुणाचा मर्क्युरस, कुणाचा मर्क्युरिक.

प्रतिसाद २

वा! त्यात भर म्हणजे हिंगूळही एका घरात नांदत नाही. खाणीतून निघालेला असेल तर खनिज म्हणून २६१७, कारखान्यात बनवलेला असेल तर २८५२. म्हणून मी नुसतं ‘हिंगूळ’ कधीच लिहीत नाही. ‘खनिज हिंगूळ’ किंवा ‘कृत्रिम हिंगूळ’ लिहितो.

प्रतिसाद ४

‘मर्क्युरी-ॲडेड’ कडे कुणी वळलंच नाही. हा शब्द मिनामाता कराराचा, म्हणजे पाऱ्याबद्दलच्या आंतरराष्ट्रीय कराराचा आहे (२०१३ मध्ये स्वीकारला, १६ ऑगस्ट २०१७ पासून अमलात). त्याच्या व्याख्येत ‘मुद्दाम’ घातलेला पारा अभिप्रेत आहे. माशात पारा सापडतो, पण तो कुणी घातलेला नसतो. म्हणजे मासा पारायुक्त असू शकेल, ‘मर्क्युरी-ॲडेड’ नव्हे. मी ‘पारा घातलेली उत्पादने’ असं सुचवेन. जरा स्वयंपाकघरातलं वाटतं, पण अर्थ नेमका पोचतो.

आणखी एक मेख. त्या कराराच्या व्यापाराच्या कलमात ‘पारा’ म्हटलं की वजनाने किमान ९५ टक्के पारा असलेली मिश्रणंही त्यात आली. असा माल पाठवायचा तर घेणाऱ्या देशाची लेखी संमती आधी हवी. तेव्हा शेकडा चार भाग दुसरं काही मिसळून ‘हा पारा नव्हेच’ म्हणायची सोय नाही. भाषांतरात तिथे ‘शुद्ध पारा’ लिहिलंत तर कलमाचा अर्थच फिरेल.

मूळ प्रश्न विचारणारी

खूपच मोलाचं. ‘शुद्ध पारा’ लिहिलंच होतं मी, खोडलं. आता दोन शंका. मोजमापाच्या रकान्यात ‘फ्लास्क’ आहे, त्याला चंबू म्हणू? आणि धोक्याच्या खुणेत ‘करोझिव्ह’ आहे, तिथे ‘दाहक’?

प्रतिसाद २

चंबू नको, तो प्रयोगशाळेतला. हा फ्लास्क म्हणजे जाड लोखंडी बाटली, आणि पाऱ्याच्या व्यापारात तेच माप: ७६ पौंड, म्हणजे साधारण ३४.५ किलो. आकारमान म्हणाल तर जेमतेम अडीच लिटर. अडीच लिटर पाण्याच्या हिशेबानं एका हातानं उचलायला जावं आणि बाटली जागची हलू नये, असा प्रकार. ‘फ्लास्क’च ठेवा, पण पहिल्या ठिकाणी कंसात किलो द्या, नाहीतर लोक थर्मास समजतील.

‘दाहक’ही नको. धोकादायक मालाच्या वाहतुकीत पाऱ्याचा यूएन क्रमांक २८०९ (हा वरच्या यादीतला आकडा नव्हे), वर्ग ८ म्हणजे ‘करोझिव्ह’, जोडीला विषारीपणाची खूण. पण आम्लासारखा तो कातडी भाजत नाही. तो ॲल्युमिनियम खातो, म्हणून तर विमानवाले त्याला इतके बिचकतात. ‘संक्षारक’ लिहा.

प्रतिसाद १

‘संक्षारक’ उच्चारताना हमालाची जीभ अडखळेल. ‘धातू खाणारा’ का नको?

मूळ प्रश्न विचारणारी

खुणेवर ‘संक्षारक’ आणि खालच्या सूचनेत ‘ॲल्युमिनियमला लागू देऊ नये’ असं करते. ‘धातू खाणारा’ मला आवडलंय, पण लोखंडी बाटलीतच भरून येतोय म्हटल्यावर वाचणारा विचारेल, बाटली कशी नाही खाल्ली?