मदत हवी आहे: ॲपमधली गाणी पेनड्राइव्हवर घेतली, हॉलवर वाजत नाहीत (अर्जंट!!)

खोताचीवाडी: रविवारी बाबांचं सहस्रचंद्रदर्शन आहे, हॉल गिरगावातच. ॲपमधून दीडशे जुनी भावगीतं-नाट्यगीतं डाउनलोड केली, पेनड्राइव्हवर टाकली नि आज हॉलवर लावून बघितलं तर डेकवर नुसतं 'नो फाइल'. कन्व्हर्टर पण वापरून बघितला, खरखर येते फक्त. वर्षाचे पैसे भरलेत हो, फुकट्या नाहीये मी. लवकर सांगा, गूगल करा म्हणू नका, करून झालंय.

लॅमिंग्टनवाला: कुठलं ॲप? फोन कुठला? फाइलच्या नावाच्या शेवटी टिंबानंतर काय आहे? डॉक्टरकडे जाऊन पण 'दुखतंय, लवकर करा' एवढंच सांगता का?

चर्नीरोड_स्लो: पेनड्राइव्ह ६४ जीबीचा असणार. हॉलवरच्या जुन्या डेकना फॅट३२ लागतं (पेनड्राइव्हवर फाइली मांडायची जुनी पद्धत), फॉरमॅट मारा, शंभर टक्के चालेल. भाच्याच्या मुंजीत सेम झालेलं.

खोताचीवाडी: १६ चा आहे नि फॅट३२ च आहे. त्याच्यावर एक जुनी एमपीथ्री होती ती मस्त वाजली. ॲपचं नाव नाही टाकत, मागच्या वेळी नाव घेतलं तर दोन पानं मारामारी झाली. फाइलच्या नावात नुसते आकडे नि अक्षरं आहेत, टिंबबिंब काही नाही.

लॅमिंग्टनवाला: हे आधी सांगायचं ना राव. डीआरएम आहे ते, म्हणजे गाण्याला घातलेलं डिजिटल कुलूप. फाइल एन्क्रिप्ट केलेली आणि किल्ली ॲपच्या पोटात. डेककडे किल्ली नाही, कन्व्हर्टरकडेही नाही, तो बिचारा कुलपासकट दळतोय म्हणून खरखर. पैसे भरलेत ते ऐकायच्या परवानगीचे, गाणी तुमची झालेली नाहीत. स्पॉटिफायवर सुद्धा पैसे भरून डाउनलोड केलेलं असलं तरी ३० दिवसांत एकदा नेटवर यावंच लागतं, नाहीतर बंद.

खोताचीवाडी: मग डाउनलोड कशाला म्हणतात त्याला??

मंद्रसप्तक: कुलूप आहे ते बरंच आहे. मी पेटीवर साथीला बसतो, पंचवीस वर्षं झाली. फुटपाथवर एका सीडीत दोनशे गाणी मिळायची तेव्हा गाणारे-वाजवणारे काय खात होते ते कुणी विचारलं नाही. आता निदान थोडं तरी पोचतं.

चर्नीरोड_स्लो: दादा, फुटपाथवाल्याला कुठलं कुलूप अडलं? त्याला एकदाच फोडावं लागतं, पुढच्या हजार प्रती फुकट. अडकतो तो पैसे भरणारा, हा धागाच बघा. २००५ मध्ये सोनी बीएमजी या गाण्यांच्या कंपनीनं सीडीत लपवून सॉफ्टवेअर घातलं होतं, कॉम्प्युटरला लावली की गुपचूप आत जाऊन बसायचं. शेवटी सीड्या परत मागवाव्या लागल्या. ज्यांनी पायरेटेड घेतली त्यांना काहीच झालं नाही!

मंद्रसप्तक: एका कंपनीनं मूर्खपणा केला म्हणून सगळ्यांनी दारं उघडी टाकायची का?

लॅमिंग्टनवाला: टाकलीच की उघडी. ॲपलच्या स्टीव्ह जॉब्सनं फेब्रुवारी २००७ मध्ये जाहीर पत्र लिहिलं होतं, की २००६ मध्ये कुलूपवाली गाणी ऑनलाइन विकली गेली २ अब्जांहून कमी, आणि गाण्यांच्या कंपन्यांनी स्वतःच बिनकुलपाची गाणी सीडीवर विकली २० अब्जांहून जास्त. म्हणजे पुढचं दार सताड उघडं आणि मागच्या खिडकीला टाळं. त्याच वर्षी ईएमआय या गाण्यांच्या कंपनीनं कुलूप काढलं, जानेवारी २००९ मध्ये ॲपलनं बाकीच्या बड्या कंपन्यांचंही काढत असल्याचं सांगितलं. आपल्याकडे फ्लिपकार्टचं फ्लाइट नावाचं गाण्यांचं ऑनलाइन दुकान होतं ना २०१२ ला, साध्या एमपीथ्री विकायचे, वर्षा-सव्वा वर्षात गुंडाळलं. माझ्याकडे त्यातली गाणी अजून वाजतात. आता सगळं परत भाड्यावर गेलं नि कुलूप पण परत आलं.

वकीलकाका: कोणी कुलूप तोडायची साधनं सुचवू नये. कॉपीराइट कायदा, कलम ६५क, २०१२ ची दुरुस्ती, दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. अर्थात हक्कभंगाचा हेतू असला तरच, हे शब्द महत्त्वाचे. दुसरं म्हणजे हॉलमध्ये गाणी वाजवायला लायसन्स काढलंत का? धार्मिक विधी आणि लग्नाला कायद्यात सूट आहे. सहस्रचंद्रदर्शन धार्मिक की कौटुंबिक, हा वादाचा मुद्दा होऊ शकतो.

खोताचीवाडी: काका शांती आहे, होम आहे, गुरुजी आहेत. मी काय विचारलंय नि काय चाललंय.

पौर्णिमा_मोजणारा: बाबांचं वय किती? ८० पूर्ण झाल्या झाल्या करतात ते चूक आहे. पौर्णिमा सरासरी २९.५३ दिवसांनी येते, हजार पौर्णिमा म्हणजे २९,५३० दिवस, म्हणजे ८० वर्षं १० महिने.

खोताचीवाडी: ८१ चालू आहे हो!!

लॅमिंग्टनवाला: फोन फ्लाइट मोडवर टाका, ऑक्सची वायर मिक्सरला लावा, ॲपमधूनच वाजवा. फोनला गोल भोक नसेल तर टाइप-सी कनेक्टर आणा. विषय संपला.

खोताचीवाडी: तेच करणार होतो पण हॉलवाला मोबाईल लावू देत नाही, म्हणतो पेनड्राइव्ह नाहीतर सीडी द्या. आणि मी यजमान म्हणून पाटावर, फोन कोण सांभाळणार. बाबा वर सकाळपासून ऐकवतायत, कपाटात सत्तर-ऐंशी सीड्या असताना मोबाईलला पैसे कशाला भरलेस.

चर्नीरोड_स्लो: काय??? सीड्या आहेत??

लॅमिंग्टनवाला: अरे देवा. हे आत्ता सांगतोय हा माणूस. कुठली गाणी आहेत त्याच्यात?

खोताचीवाडी: हीच सगळी. ॲपवर यादी बनवली ती त्या सीड्या बघूनच. पण लॅपटॉपला ड्राइव्ह नाही आणि सीडीवाला डेक लावला तर दर तासाला कोण बदलत बसणार.

लॅमिंग्टनवाला: यूएसबीचा बाहेरून लावायचा ड्राइव्ह मिळतो, उद्या लॅमिंग्टन रोडला जा, लॅपटॉप घेऊन जा आणि तिथंच लावून बघ. ऑडिओ सीडी १९८२ ची, तिच्या मूळ रचनेत कुलूपच नाही. विंडोज मीडिया प्लेअरमध्ये रिप कर, म्हणजे गाणी लॅपटॉपवर उतरवून घे, पण आधी सेटिंगमध्ये एमपीथ्री निवड. जुना प्लेअर असेल तर तिथं 'कॉपी प्रोटेक्ट म्युझिक' असा चौकोन असतो, त्यावरची खूण काढ, नाहीतर स्वतःच्याच सीडीला स्वतःच कुलूप लावून बसशील.

मंद्रसप्तक: ह्याला माझी काही हरकत नाही. विकत घेतलेल्या आहेत. आणि बाबांना माझा नमस्कार सांगा, सीड्या जपून ठेवल्या त्यांनी.

खोताचीवाडी: अपडेट. ड्राइव्ह आणला, अकरा सीड्या झाल्या, पेनड्राइव्ह हॉलवर वाजला. बाबा शेजारी खुर्ची टाकून बसलेत, प्रत्येक सीडी कुठल्या दुकानातून घेतली ते सांगतायत, त्यामुळे वेळ लागतोय. आता बारावी आत अडकलीये, ट्रे बाहेर येत नाही आणि ती बाबांची सगळ्यात लाडकी आहे. प्लीज कोणी आहे का?

चर्नीरोड_स्लो: पेनड्राइव्ह फॉरमॅट करून बघा 😄

लॅमिंग्टनवाला: ड्राइव्हच्या तोंडाशी टाचणीएवढं भोक दिसेल. वायर काढ, पेपरक्लिप सरळ करून आत हळू दाब. हळू म्हणजे हळू.